आधी पाण्याची टाकी भरा, मग हेडलाइटचा फोकस बसवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. २००४ सालची टेम्पो ट्रॅव्हलर, मागच्या सीट काढून आत बेड, छोटा ओटा, ८० लिटरची पाण्याची टाकी आणि आतल्या दिव्या-पंख्यांसाठी वेगळ्या दोन बॅटऱ्या बसवलेल्या. गाडी मुलुंडची, महिन्यातून एकदा कोकणात जाणारी. रात्री पेण सोडलं की झाडांचे शेंडे दिसतात पण रस्ता दिसत नाही, आणि वर समोरून येणारा प्रत्येक जण अप्पर (लांबचा झोत) मारून राग काढतो. कुर्ल्याला सीएसटी रोडवर एका दुकानदाराने डब्यावर ‘वीस हजार लुमेन’ लिहिलेले एलईडी बल्ब दाखवलेत. ते घ्यावेत, की हेडलाइटची अख्खी असेंब्ली (काच-रिफ्लेक्टरसकट) बदलावी?

ताई, दोन्ही नका करू. निदान आत्ता तरी नको. चेंबूरला ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करून मला अठ्ठावीस वर्षं झाली. त्यात ‘लाइट कमी पडतो’ म्हणून आलेल्या जुन्या गाड्यांपैकी बहुतेकींना नवा बल्ब लागलाच नाही.

तुम्ही लिहिलेलंच परत एकदा वाचा. तुम्हाला दिसत नाही, पण समोरच्याच्या डोळ्यांत जातं. नुसता उजेड कमी असता तर समोरच्याने तक्रार कशाला केली असती? म्हणजे उजेड आहे, पण तो रस्त्यावर पडायचा सोडून हवेत चाललाय. झाडांचे शेंडे दिसतात हा तर पुरावाच झाला. अशा दिव्यात दुप्पट उजेड ओतलात तर शेंडे दुप्पट छान दिसतील, एवढंच.

हे होतं कसं ते सांगतो, कारण कॅम्परवाल्यांचा खरा घोळ इथेच आहे. डिपरचा, म्हणजे जवळच्या उजेडाचा, झोत अगदी सरळ नसतो, तो किंचित खाली झुकवलेला असतो. किती? या उंचीच्या दिव्याला शंभराला एक ते दीड. म्हणजे दहा मीटर पुढे गेल्यावर झोताची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा १० ते १५ सेंटीमीटर खाली. समजा तुमच्या दिव्याचा मध्य जमिनीपासून ८० सेंटीमीटरवर आहे आणि उतार १.२ टक्के ठेवलाय, तर झोताची कड साधारण ६७ मीटरवर रस्त्याला टेकते. तिथपर्यंत तुम्हाला दिसतं, त्याच्या वर अंधार राहतो, आणि त्या अंधारात समोरच्याचे डोळे सुरक्षित असतात.

आता मागे ८० लिटर पाणी भरा, म्हणजे ८० किलो. दोन बॅटऱ्या, गॅसची टाकी, गाद्या, भांडी, आठवड्याचा शिधा, मागच्या बेडवर बसलेली मुलं. वीस वर्षांचे मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) आधीच बसलेले. गाडीची मागची बाजू पाच सेंटीमीटर खाली गेली तर बाहेरून कुणाच्या लक्षातही येत नाही. पण पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर तीन मीटर धरलं तर पाच सेंटीमीटर म्हणजे १.६७ टक्के. दिवा १.२ टक्के खाली बघत होता, आता तो जवळजवळ अर्धा टक्का वर बघतोय. झोत रस्त्याला कधी टेकतच नाही. पन्नास मीटरवर त्याची कड जमिनीपासून एक मीटर तीन सेंटीमीटरवर असते आणि शंभर मीटरवर जवळजवळ सव्वा मीटरवर. समोरून येणाऱ्या साध्या कारमधल्या माणसाचा डोळा साधारण तेवढ्याच उंचीवर असतो. तुमचा डिपर हाच त्याच्यासाठी अप्पर झाला. तुम्ही इमानदारीत डिपरवर चालवताय आणि तो तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतोय. दोघंही आपापल्या जागी बरोबर!

म्हणून पहिलं काम टेपचं. गाडी रिकामी असताना चारही चाकांच्या वरच्या कमानीची जमिनीपासून उंची मोजा आणि कागदावर लिहा. मग टाकी भरा, सामान चढवा, माणसं बसवा, परत मोजा. टाकी मागच्या ॲक्सलच्याही मागे असेल तर गंमत दिसेल: मागचं खाली जाईलच, पण पुढचं थोडं वर उचललेलं असेल, सी-सॉसारखं. तसं असेल तर टाकी ॲक्सलच्या पुढे सरकवता येते का ते आधी बघा. पाटे अगदीच सपाट झाले असतील तर ते उतरवून पुन्हा बाक देऊन घ्या, हवं तर एक पाटा वाढवा. हे काम माझं नाही, पाटेवाल्याचं आहे. पण ते झाल्याशिवाय फोकस, म्हणजे झोताची दिशा, बसवायला माझ्याकडे आलात तर मी परत पाठवीन, कारण पाटे बदलले की फोकस पुन्हा बसवावा लागतो.

दुसरं काम व्होल्टेजचं. तुमची बॅटरी बारा व्होल्टची आहे असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे बल्ब साधा एच-फोर, ६०/५५ वॉटचा असणार: ६० अप्परला, ५५ डिपरला. इंजिन चालू ठेवा, डिपर लावा आणि मल्टीमीटरने आधी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. १३.८ ते १४.२ च्या आसपास आलं पाहिजे. मग हेडलाइटच्या मागचा कपलर (बल्बला लागणारा वायरचा प्लग) न काढता, त्याच्या पाठीमागून मीटरच्या सुया घालून बल्बला प्रत्यक्ष किती पोचतंय ते मोजा. कपलर काढून मोजलं तर मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि माणूस फसतो. लोड असतानाच गळती दिसते.

तुमच्या गाडीइतक्या जुन्या गाडीत मला इथे ११.५-११.६ दिसतं. फरक दोन-सव्वादोन व्होल्टचा, ऐकायला किरकोळ. पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, तो धडाधड पडतो, साधारण ३.४ च्या घातात. सोपं करून सांगायचं तर व्होल्टेज १० टक्के कमी म्हणजे उजेड ३० टक्के कमी. ११.६ वर चाललेल्या बल्बला १३.६ मिळालं तर तोच बल्ब पावणेदोनपटीच्या जवळ उजेड देतो. त्याचा रंगही पिवळट-तांबूस असतो तो पांढरा होतो. नवा बल्ब न घेता!

हे व्होल्ट जातात कुठे? जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीतून निघून डॅशबोर्डच्या मागे येतो, स्टीअरिंगखालच्या कॉम्बिनेशन स्विचमधून फिरतो आणि परत पुढे जातो. दोन बल्बचे मिळून साधारण नऊ अँपिअर, पाच-सहा मीटर बारीक वायरमधून, मधे सात-आठ जोड. त्यात आपल्या मुंबईची खारी हवा. वायरचं प्लास्टिक कापून बघा, आतलं तांबं हिरवं-काळं पडलेलं असतं. आणि सगळ्यांत दुर्लक्षित म्हणजे अर्थिंग. बॉडीला स्क्रूने लावलेली ती एक वायर, खाली गंज, वर दोन-तीन वेळा मारलेला पेंट. मीटरची एक सुई बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी बल्बच्या अर्थवर ठेवा, डिपर चालू ठेवून. ०.२ पेक्षा जास्त आलं तर दोष तिथेच. घासून चकचकीत करा, दातेरी वॉशर टाका, घट्ट आवळा आणि मग वरून ग्रीस किंवा पेंट. पुष्कळदा अर्धं काम इथेच उरकतं.

बाकी काम रिलेचं. कल्पना साधी आहे: जुना स्विच फक्त रिलेला इशारा देतो आणि जाड वायरने बॅटरीचा करंट थेट बल्बला जातो. चार पायांचा रिले असतो. ३० नंबरला बॅटरीकडून फ्यूजमधून येणारी वायर, ८७ ला बल्ब, ८६ ला जुन्या हेडलाइटची वायर, ८५ ला अर्थ. डिपरला एक, अप्परला एक, असे दोन. वायर २.५ स्क्वेअर मिलिमीटरची, गाडीचीच, बारीक तारांची. लोहार चाळीतून घरगुती वायर आणू नका. तिचं प्लास्टिक इंजिनाच्या उष्णतेला आणि तेलाला टिकत नाही. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, वायरच्या दुसऱ्या टोकाला असून उपयोग नाही. मधे वायर बॉडीला घासून शॉर्ट झाली तर फ्यूजच्या आधीचा भाग जळणार.

इथे माझा एक हट्ट आहे. बॅटरीजवळच्या फ्यूजशिवाय, रिलेच्या पुढे डावा आणि उजवा यांना वेगळे फ्यूज. एकाच फ्यूजवर दोन्ही दिवे ठेवले आणि तो घाटात उडाला तर क्षणात काळोख. वेगळे ठेवले तर एक डोळा तरी उघडा राहतो.

हा हट्ट कुठून आला तेही सांगतो. पंचविशीत असताना माझ्याकडे मॅटेडोर होती. शिकाऊ वय, अक्कल थोडी आणि आत्मविश्वास जास्त. मी तिला १००/९० चे बल्ब लावले. रिले नाही, जुनीच वायर. दोन बल्ब अप्परला म्हणजे सोळा-सतरा अँपिअर, त्या बिचाऱ्या स्विचमधून. चेंबूरच्या रस्त्यावर काय झगमगाट! मित्रांना फिरवून दाखवला. आणि मग एका रात्री कशेडी घाटात, पोलादपूर सोडून वर चढताना आधी जळक्या प्लास्टिकचा वास आला, मग उजवा दिवा लुकलुकला, आणि दोन्ही गेले. पुढे वळण होतं हे आठवणीवर घेतलं. गाडी कडेला लावून टॉर्चच्या उजेडात बघितलं तर बल्बचा होल्डर वितळून कपलरमध्ये चिकटलेला, पितळेच्या पट्ट्या निळ्या पडलेल्या, स्विचचा खटका गरम होऊन आत बसलेला. सकाळ होईपर्यंत तिथेच बसलो. तो होल्डर मी अजून दुकानात खिळ्याला अडकवून ठेवलाय. १००/९० मागणाऱ्याला आधी तो हातात देतो.

तेव्हा वॉट वाढवू नका. चांगल्या कंपनीचा ६०/५५ चाच बल्ब, पूर्ण व्होल्टेजवर. उलट बाजूही बघा: बॅटरीवरच १४.८-१५ दिसत असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर गेलाय. व्होल्टेज पाच टक्के जास्त झालं तरी बल्बचं आयुष्य निम्म्यावर येतं. बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका, लागलंच तर स्पिरिटने पुसा. आणि हेडलाइटची जोडणी गाडीच्या मुख्य बॅटरीवरच ठेवा. आतल्या दिव्या-पंख्यांच्या बॅटऱ्यांवर ती घेण्याचा सल्ला कुणी दिला तर नमस्कार करून निघा.

आता एलईडीचं. दुकानदाराला दोष देत नाही, तो डब्यावरचं वाचून दाखवतोय. पण हिशेब करू. प्रमाणित एच-फोर हॅलोजन १३.२ व्होल्टला डिपरवर साधारण १००० लुमेन देतो, अप्परवर १६५०. अशा बल्बांतला एलईडी वॉटमागे शंभरच्या आसपास लुमेन देतो. वीस हजार लुमेनला मग दोनशे वॉट लागतील, म्हणजे पंधरा अँपिअर. असाच एक बल्ब मी क्लॅम्प मीटर लावून मोजला तेव्हा तो सव्वादोन अँपिअर खात होता, तीस वॉटसुद्धा नाहीत. बाकीचे लुमेन फक्त डब्यावर.

पण आकडा खोटा असणं हा छोटा मुद्दा आहे. मोठा मुद्दा जागेचा. हॅलोजन बल्ब उन्हात धरून नीट बघा. आत दोन तारा आहेत. पुढच्या तारेच्या खाली धातूची एक इवलीशी पन्हळ आहे. ती डिपरची तार. पन्हळ तिचा खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून डिपरला रिफ्लेक्टरचा फक्त वरचा अर्धा भाग काम करतो आणि उजेड खाली रस्त्यावर येतो. पन्हळीची एक कड १५ अंशांत कापलेली असते. त्या कापामुळे डाव्या बाजूला झोत थोडा वर चढतो, रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस, सायकलवाला, गुरं दिसावीत म्हणून. रिफ्लेक्टरचा प्रत्येक वळसा त्या बारीक तारेच्या जागेवरून आखलेला आहे. तिथे तुम्ही सपाट पट्टीवर दोन बाजूंना चिकटवलेल्या एलईडी टिकल्या बसवल्यात, की उजेड एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी भिंतीवर झोत पाडला की दिसणारी कड विस्कटते. दिव्याच्या अगदी जवळचा रस्ता पांढराशुभ्र होतो, माणसाला वाटतं वा, काय उजेड! आणि त्या जवळच्या चकाकीने डोळ्याची बाहुली आखडते, मग पन्नास मीटरवरची म्हैस दिसत नाही.

शिवाय मुंबईचा पावसाळा. हॅलोजन गरम होतो, काचेच्या आत आलेला दमटपणा सुकवून टाकतो. एलईडीची उष्णता मागे पंख्याकडे जाते, पुढची काच थंड राहते. जुलैत आत धुकं साचतं ते साचतंच. बल्बमागचा रबरी बूट (पाणी अडवणारं झाकण) त्या पंख्याला आडवा येतो म्हणून फिटर तो कापतात, मग तर पाणी थेट आत. हे दर वर्षी बघतो मी.

एवढं सांगूनही कुणी बसवणारच असेल, तर निदान टिकल्या डावीकडे-उजवीकडे बघतील अशा बसवा, वर-खाली नको, आणि बसवल्यावर भिंतीवर कड बघा. कड दिसली नाही तर काढा.

असेंब्ली बदलायची वेळ कधी येते? रिफ्लेक्टर गेला तर. बल्ब काढून आत मोबाइलचा टॉर्च मारा. चांदी आरशासारखी हवी. करडी, धुरकट, पोपडे आलेली असेल तर कितीही व्होल्टेज द्या, उजेड तिथेच मरतो. आणि ती फडक्याने पुसायला जाऊ नका, मुलामा इतका पातळ असतो की फडक्याबरोबर निघून येतो. दिव्याची पुढची काच खरी काचेची असेल तर पिवळी पडत नाही. प्लास्टिकची असेल तर बाहेरून बारीक पॉलिश पेपरने ओलं घासून, वर अतिनील किरणांना टिकणारा क्लिअर कोट मारावा लागतो. तो न मारता नुसती घासली तर वर्षाच्या आत परत पिवळी.

नवी घेताना काचेवरची अक्षरं वाचा. गोलात ‘ई’ आणि आकडा असतो, शेजारी ‘एचसीआर’ अशी अक्षरं आणि कधी एक बाण. हा बाण फार महत्त्वाचा. दिव्यासमोर उभं राहून बघितलं तर आपल्याकडचा, म्हणजे डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीचा बाण, तुमच्या उजव्या हाताला टोक करून असतो. बाणच नसेल तर तो दिवा उजवीकडून गाड्या चालवणाऱ्या देशांसाठी. दोन्हीकडे टोकं असतील तर दोन्हीला चालतो. गेल्या वर्षी एक जीपवाला ऑनलाइन मागवलेले सात इंची गोल एलईडी दिवे घेऊन आला. दिसायला देखणे. भिंतीवर लावले तर झोताचा वर चढणारा तुकडा उजवीकडे! म्हणजे कडेचा माणूस अंधारात आणि समोरून येणारा आंधळा. स्क्रूने हे बदलत नाही, कारण ते काचेतच आहे. बाण नव्हता, त्याने बघितलाच नव्हता.

आता भिंत, म्हणजे प्रत्यक्ष फोकस बसवणं. मुंबईत सपाट जमीन आणि मोकळी भिंत एकत्र सापडणं म्हणजे घर सापडण्यासारखंच. सोसायटीच्या पोडियमवर लोक करायला जातात आणि चकतात, कारण पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून तिथली जमीन शंभराला एकच्या आसपास उताराची असते. तुमच्या फोकसचा सगळा खेळ तेवढ्याच एका टक्क्याचा! घाबरू नका, उपाय गवंड्याकडे आहे. पारदर्शक नळीत पाणी भरून तो जी पातळी काढतो ना, तीच घ्या. आठ-दहा मीटर नळी पुरते. नळीचं एक टोक दिव्याच्या मध्याशी धरा, दुसरं भिंतीशी. भिंतीकडच्या टोकात पाणी जिथे थांबेल तिथे खडूने खूण. ती झाली दिव्याच्या खऱ्या आडव्या पातळीची रेघ. आता एक दुरुस्ती. गाडी उभी आहे ती जमीनच उतरती असेल तर गाडीही तितकीच कलली. म्हणून पुढच्या आणि मागच्या चाकाखालची जमीनही त्याच नळीने मोजा. फरक अर्धा सेंटीमीटरच्या आत असेल तर सोडून द्या. जास्त असेल तर खालच्या चाकांखाली फळी द्या किंवा दुसरी जागा शोधा. जमीन आणि भिंतीपर्यंतचा भाग एकाच सरळ उतारावर असेल तर आणखी सोपं: पातळी काढूच नका, दिव्याची उंची जमिनीपासून मोजा आणि भिंतीवर जमिनीपासून तेवढीच उंची घ्या.

गाडी भिंतीपासून बरोबर पाच मीटरवर, काटकोनात उभी करा. टायरमध्ये हवा पूर्ण. टाकी भरलेली, सामान चढवलेलं, ड्रायव्हरच्या सीटवर ड्रायव्हरच्या वजनाचं कुणीतरी, मागे नेहमी बसतात तितकी माणसं. हा भाग लोक हसण्यावारी नेतात. एकदा एका गृहस्थांनी सासूबाईंना रात्री अकरा वाजता मागच्या बेडवर बसवून आणलं होतं, थर्मासमधल्या चहासकट. त्यांचा फोकस अजून मस्त आहे. सगळे बसले की गाडी दोन्ही बंपर धरून हलवा, म्हणजे पाटे आपल्या जागी बसतील.

भिंतीवर दोन्ही दिव्यांच्या मध्यासमोर एकेक उभी रेघ, ओळंब्याने. मग आडव्या पातळीच्या खाली ६ सेंटीमीटरवर दुसरी आडवी रेघ. पाच मीटरवर सहा सेंटीमीटर म्हणजे आपले १.२ टक्के. दिव्याचा मध्य जमिनीपासून एक मीटरपेक्षा वर असेल तर ८ सेंटीमीटर घ्या. एक दिवा जाड पुठ्ठ्याने झाका, पण मिनिटभरापेक्षा जास्त नको, हॅलोजनची काच तापते. डिपर लावा. उजवीकडे सपाट आणि डावीकडे वर चढणारी अशी कड दिसेल. सपाट भाग ६ सेंटीमीटरच्या रेघेवर बसवा. जिथून ती वर चढायला लागते तो कोपरा उभ्या रेघेवर यायला हवा, चुकला तर किंचित डावीकडे चालेल, उजवीकडे कधीच नाही.

फिरवायला दोन स्क्रू असतात, एक वर-खालीचा, एक आजूबाजूचा. वीस वर्षांत कुणी हात लावला नसेल तर ते गंजून बसलेले असणार. आदल्या रात्री डब्ल्यूडी-फोर्टी मारून ठेवा, सकाळी हलक्या हाताने आधी उलटा मग सुलटा. जोर लावलात तर मागचं प्लास्टिक फुटतं आणि मग असेंब्ली बदलणं आलंच. शेवटचा फेरा नेहमी आवळण्याच्या दिशेने संपवा. सोडण्याच्या दिशेने संपवला तर स्प्रिंगमध्ये ढिलाई राहते आणि पहिल्या खड्ड्यात दिवा खाली बघतो. आपल्या महामार्गावर पहिला खड्डा यायला वेळ लागत नाही.

अप्परचं वेगळं काही करायचं नाही. एच-फोरमध्ये डिपर बसला की अप्पर आपोआप आपल्या जागी येतो.

माळशेज किंवा आंबोलीला पावसाळ्यात जात असाल तर फॉग लॅम्प घ्या, पण बंपरच्या खालच्या भागात, रुंद पसरणारे, वरून सपाट कापलेला झोत असलेले, आणि वेगळा रिले लावून. पिवळा प्रकाश धुक्यातून आरपार जातो ही समजूत खरी नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठे असतात, सगळे रंग सारखेच विखुरतात. दिवा खाली असला की डोळ्यांसमोरचं धुकं उजळत नाही, फायदा त्याचा. पिवळा डोळ्याला बरा वाटतो, एवढं मात्र मलाही वाटतं. टपावर एलईडी बार मुळीच नको. पावसात ती पांढरी भिंत तुमच्याच काचेवर उभी राहते.

कायद्याचं दोन ओळींत. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १०६ व्या नियमाचा मतलब असा की दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर डोळा असलेल्या माणसाला झोताने दिपवता कामा नये. आणि हॅलोजन असेंब्ली मंजूर झालेली असते ती त्या बल्बासकट. रजिस्ट्रेशन रिन्यू करायला वडाळ्याला नेलीत आणि तपासणाऱ्याने दिवे लावायला सांगितले, तर मूळ बल्ब आणि नीट बसलेला फोकस असलेल्या गाडीवर काही बोलायला जागा राहत नाही.

एक राहिलं, आणि हे फक्त कॅम्परवाल्यांना सांगावं लागतं. तुम्ही गाडीत स्वयंपाक करता. पोह्यांची फोडणी दिली की तेलाची वाफ पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला जाऊन बसते. दिवसा दिसत नाही. रात्री समोरून दिवा आला की त्या तेलकट थरावर अख्खी काच फटफटीत होते, आणि माणूस म्हणतो माझे हेडलाइट कमी पडतात. कोमट पाण्यात थोडा व्हिनेगर घालून आतून पुसा, मग कोरड्या वर्तमानपत्राने. बाहेरून वायपरचे अर्धगोल चरे पडले असतील तर ते पुसून जात नाहीत, रबर बदला आणि काच पॉलिश करता येते का विचारा.

क्रम असा धरा: काच आज रात्री, टेपची मापं या रविवारी, मग पाटे, मग अर्थिंग आणि रिले, आणि शेवटी भरलेल्या गाडीने भिंत. हे सगळं झाल्यावर पनवेल सोडून एकदा डिपरवर जाऊन या. तरी रस्ता दिसला नाही तर गाडी घेऊन चेंबूरला या. रिफ्लेक्टर काढून बघू. येताना टाकी भरून आणा.